विश्लेषण : वादळ-पुरात धावून येणाऱ्या ‘हॅम रेडिओ’ जाळ्याचा पाया कोणी घातला? कोण होते हायरम पर्सी मॅक्सिम?

चक्रीवादळ, महापूर किंवा भूकंप झाला की पहिल्या काही तासांतच वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात आणि नेमकी गरज असताना संपर्क तुटतो. अशा वेळी गाडीची बॅटरी, झाडाला बांधलेली तार आणि एक छोटे यंत्र एवढ्यावर बाहेरच्या जगाशी बोलू शकणारी मंडळी म्हणजे हौशी रेडिओचालक, अर्थात ‘हॅम’. ते सरकारी नोकर नसतात आणि या कामाचा मोबदलाही घेत नाहीत. तरीही त्यांचे काम विस्कळीत नसते. कोण कोणाला संदेश देणार, तो पुढे कसा जाणार, तो बरोबर पोहोचला याची खात्री कशी करणार, हे सारे ठरलेले असते. ही शिस्त ११० वर्षांहून जुनी आहे. तिचे श्रेय बऱ्याच अंशी जाते ते हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याला. या क्षेत्राला संघटना देणाऱ्या आणि ते बंद पडण्याची वेळ आली तेव्हा वाचवणाऱ्या मॅक्सिम यांच्या आयुष्याविषयी…

मॅक्सिम कोण होते?

हायरम पर्सी मॅक्सिम यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. घराणे संशोधकांचे. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये पहिली खऱ्या अर्थाने स्वयंचलित मशीनगन तयार केली. ‘मॅक्सिम गन’ म्हणून ती जगभर ओळखली जाते. काका हडसन मॅक्सिम स्फोटकांचे तज्ज्ञ होते. मात्र, वडिलांच्या कीर्तीचा लाभ मुलाच्या वाट्याला फारसा आला नाही. हायरम पर्सी १२ वर्षांचे असताना वडील युरोपला गेले आणि कायमचे इंग्लंडचे झाले. पुढे त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. अमेरिकेतील पत्नी व मुलांशी त्यांचा संबंध जवळपास संपला. मुलाने उतारवयात वडिलांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात या विक्षिप्त, हुशार आणि मुलांची थट्टा करण्यात रमणाऱ्या माणसाचे चित्र आहे.

हायरम पर्सी वयाच्या १६ व्या वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून (एमआयटी) यंत्रविद्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडले. लिन शहरात तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात काम करत असताना त्यांना स्वतः चालणाऱ्या वाहनाने झपाटले. एका रात्री सायकलवरून घरी परतताना छोटे इंजिन जोडलेल्या गाडीची कल्पना त्यांच्या मनात आली. पेट्रोलचा स्फोट किती जोरदार असतो, हे पाहण्यासाठी त्यांनी तोफगोळ्याच्या रिकाम्या नळकांड्यात काही थेंब टाकून ते पेटवून पाहिले. १८९५ मध्ये ते कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे पोप कंपनीच्या मोटार विभागात दाखल झाले. तेथे त्यांनी विजेवर व पेट्रोलवर चालणाऱ्या सुरुवातीच्या मोटारी तयार केल्या. पुढे बंदुकीचा आवाज दाबणारा ‘सायलेन्सर’ त्यांनी शोधला. त्याचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले. तोफा-बंदुकांच्या आवाजाने वडिलांना बहिरेपण आले होते. मुलाने तोच आवाज कमी करण्याचे यंत्र काढले. हेच तत्त्व त्यांच्या कंपनीने पुढे इंजिनांचा गोंगाट कमी करण्यासाठी वापरले.

रेडिओकडे ते कसे वळले?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिनतारी संदेशवहन हे अमेरिकेतील शाळकरी मुलांचे नवे वेड होते. तारेची वेटोळी, ठिणगी पाडणारे प्रक्षेपक यंत्र आणि कानाला लावायचे श्रवणयंत्र एवढ्या सामग्रीवर ही मुले मोर्सच्या कडकट्टमध्ये एकमेकांशी बोलत. मॅक्सिम यांचा मुलगाही त्यांपैकीच एक होता. मुलाच्या खोलीतील हा खेळ पाहता पाहता चाळिशी ओलांडलेले वडीलच त्यात गुंतले.

हा काळ हौशी मंडळींसाठी कसोटीचा होता. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. त्यानंतर हवेतील गोंधळाला आळा घालण्यासाठी ऑगस्ट १९१२ मध्ये अमेरिकेने रेडिओ कायदा केला. त्यानुसार हौशी चालकांना परवाना सक्तीचा झाला, त्यांच्या यंत्राच्या शक्तीवर एक किलोवॉटची मर्यादा आली आणि त्यांना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबी देण्यात आली. दूरच्या संपर्कासाठी लांब लहरीच उपयोगाच्या, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. त्यामुळे निरुपयोगी समजला जाणारा कोपरा हौशींच्या हाती देऊन त्यांना बाजूला सारले, असाच या तरतुदीचा अर्थ लावला गेला.

आपत्तीत या छंदाचा उपयोग पहिल्यांदा केव्हा दिसला?

मार्च १९१३ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागाला आधी वादळाने आणि मग मुसळधार पावसाने झोडपले. ओहायो आणि इंडियाना राज्यांतील नद्या फुगल्या. डेटन शहर पाण्याखाली गेले. शेकडो माणसे मरण पावली. तारायंत्राचे व दूरध्वनीचे खांब वाहून गेल्याने गावेच्या गावे तुटली. तेव्हा कोलंबसमधील ओहायो राज्य विद्यापीठ आणि अ‍ॅन आर्बरमधील मिशिगन विद्यापीठ येथील बिनतारी केंद्रे आणि आसपासच्या हौशी चालकांनी पूरग्रस्त भागाचा बाहेरच्या जगाशी संपर्क जोडून दिला. हौशी रेडिओने आपत्तीत केलेल्या कामाच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी ही एक. मात्र, तो योगायोगाचा भाग होता. नेमक्या जागी, नेमक्या वेळी यंत्र असलेली माणसे होती म्हणून काम झाले. अशी माणसे कुठे आहेत याची यादी कोणाकडे नव्हती आणि त्यांना जोडणारी संघटनाही नव्हती.

३० मैलांच्या अडचणीतून साखळी कशी सुचली?

जानेवारी १९१४ मध्ये हार्टफर्ड रेडिओ क्लबची स्थापना झाली. मॅक्सिम त्याच्या पुढाकारात होते. त्यांच्यासोबत क्लॅरन्स टस्का हा अवघ्या १७ वर्षांचा उत्साही तरुण होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये मॅक्सिम यांना ‘ऑडियन’ ही निर्वात नलिका विकत हवी होती. क्षीण संदेश टिपण्यासाठी ती तेव्हा दुर्मीळ वस्तू होती. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या एका हौशी चालकाकडे ती असल्याचे त्यांना समजले. स्प्रिंगफील्ड हार्टफर्डपासून जेमतेम ३० मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरवर. मॅक्सिम यांचे केंद्र एक किलोवॉटचे. तरीही त्या रात्री संपर्क होईना. अखेर दोन्ही शहरांच्या मध्ये असलेल्या विंडसर लॉक्स येथील एका चालकाला त्यांनी गाठले. त्याने निरोप पुढे पोहोचवला.

अडचण एवढीच होती. पण मॅक्सिम यांनी तिच्याकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिले. एक मध्यस्थ ३० मैल जोडू शकत असेल तर असे शेकडो मध्यस्थ देश जोडू शकतील. त्यासाठी यंत्रे अधिक बलवान असण्याची गरज नव्हती. मधली माणसे कोण, ती कधी ऐकत असतात आणि दुसऱ्याचा निरोप पुढे देण्यास ती तयार आहेत का, हे माहीत असणे पुरेसे होते. एप्रिल १९१४ च्या बैठकीत त्यांनी क्लबसमोर देशव्यापी साखळी संघटनेचा प्रस्ताव मांडला. ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ अर्थात ‘एआरआरएल’चा जन्म त्यातून झाला. मॅक्सिम अध्यक्ष, टस्का सचिव.

ही साखळी किती वेगाने वाढली?

मॅक्सिम आणि टस्का यांनी देशभरातील ज्ञात चालकांना अर्ज पाठवले. यंत्राचा पल्ला किती, कोणत्या वेळी हजर असता, मोर्सचा वेग किती, असे प्रश्न त्यात होते. सप्टेंबर १९१४ पर्यंत २३७ केंद्रे साखळीत आली. त्यानंतर चालकांची नामावली छापली गेली. डिसेंबर १९१५ मध्ये ‘क्यूएसटी’ हे मासिक सुरू झाले. ते आजही निघते. सर्व चालकांना उद्देशून असलेल्या संदेशाचा संकेत म्हणजे ‘क्यूएसटी’. त्यावरूनच मासिकाचे नाव ठेवले गेले.

२२ फेब्रुवारी १९१६ रोजी, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीला, साखळीची मोठी चाचणी झाली. मिसिसिपी नदीकाठच्या भागातून निघालेला एक संदेश हाताहाताने दोन्ही किनाऱ्यांकडे धाडण्यात आला. सुमारे तासाभरात तो पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. विविध राज्यांच्या गव्हर्नरांना तो हौशी चालकांनी नेऊन दिला. फेब्रुवारी १९१७ मध्ये पूर्व किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियाला गेलेल्या संदेशाचे उत्तर १ तास २० मिनिटांत परत आले.

साखळीतून संदेश नेमका कसा जातो?

मॅक्सिम यांच्या काळात रुळलेली पद्धत आजच्या आपत्ती-संपर्कातही ओळखू येते. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. तो कोणत्या केंद्रातून निघाला, किती तातडीचा आहे आणि त्यात किती शब्द आहेत, हे आधी सांगितले जाते. घेणारा चालक मजकूर लिहून घेतो आणि शब्द मोजतो. संख्या जुळली नाही तर हरवलेला भाग पुन्हा मागतो. पोच दिल्याशिवाय संदेशाची जबाबदारी पुढच्याकडे जात नाही. मधल्या माणसाने मजकुरात स्वतःचे काही घालायचे नाही, तो सुधारायचा नाही आणि गाळायचाही नाही. ४० पांघरुणे मागवली असताना ४०० पोहोचली किंवा एका गावाची नाव दुसऱ्याच गावी गेली, तर आपत्तीत त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणूनच ही किचकट वाटणारी पद्धत टिकली. एकाच वेळी अनेक केंद्रे बोलू लागली तर गोंधळ होतो. त्यावर उपाय म्हणून एक केंद्र नियंत्रण करते आणि इतर चालक त्याच्या परवानगीने बोलतात. याला ‘नेट’ म्हणतात.

हौशी रेडिओ कायमचा बंद पडण्याची वेळ का आली?

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सर्व हौशी केंद्रे बंद करून यंत्रे उतरवण्याचे आदेश निघाले. ‘क्यूएसटी’चे प्रकाशनही काही महिन्यांत थांबले. सुमारे चार हजार हौशी चालक सैन्यदलांत गेले. लष्कराला मोर्स येणारी प्रशिक्षित माणसे आयती मिळाली.

युद्ध संपले, पण बंदी उठेना. उलट रेडिओ कायमस्वरूपी नौदलाच्या ताब्यात देणारे विधेयक १९१८ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसपुढे आले. नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांचा त्याला पाठिंबा होता. ते मंजूर झाले असते तर हौशी रेडिओ तेथेच संपण्याची भीती होती. लीगची अवस्थाही बिकट होती. सभासद पांगलेले, तिजोरी रिकामी, मासिक बंद. अशा वेळी मॅक्सिम यांनी वॉशिंग्टनला जाऊन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. युद्धात कामी आलेले चालक याच छंदातून तयार झाले होते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दुसरीकडे लीगने चालकांना आणि त्यांच्या घरच्यांना आपापल्या लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. पत्रांचा पाऊस पडला. जानेवारी १९१९ मध्ये विधेयक बारगळले.

तरीही काम पूर्ण झाले नव्हते. सभासदांकडून कर्जाऊ पैसे उभे करून १९१९ मध्ये ‘क्यूएसटी’ पुन्हा सुरू करण्यात आले. त्या वर्षी आधी ऐकण्यावरील आणि नंतर प्रक्षेपणावरील बंदी उठली. मॅक्सिम आता पन्नाशीत होते. त्यांची कंपनी होती, नाव होते. या लढ्यातून त्यांना व्यक्तिगत लाभ काहीच नव्हता.

‘द ओल्ड मॅन’ कोण होता?

‘क्यूएसटी’मध्ये ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने एक खवचट लेखक लिहीत असे. हवेत विनाकारण गोंधळ घालणारे, इतरांचे न ऐकता बडबडणारे, निष्काळजीपणे संदेश पाठवणारे चालक त्याच्या तडाख्यात सापडत. शिस्त मोडणाऱ्यांना शिक्षा करण्यासाठी त्याने ‘वूफ हाँग’ नावाचे एक काल्पनिक हत्यार निर्माण केले. त्याचा लाकडी ‘नमुना’ लीगच्या कार्यालयात जपून ठेवला आहे. हा लेखक कोण, याची चर्चा वर्षानुवर्षे चालली. तो स्वतः अध्यक्ष मॅक्सिमच होता, हे बहुतेकांना त्यांच्या मृत्यूनंतर कळले. स्वयंसेवकांवर हुकूम चालवता येत नाही, पण हसवून त्यांना शिस्त लावता येते, हे त्यांनी हेरले होते.

‘निरुपयोगी’ लहरींनी अटलांटिक कसा ओलांडला?

डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली या तज्ज्ञाला स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे पाठवले. समुद्रकिनाऱ्यावरील तंबूत बसून त्यांनी कनेटिकटमधील हौशी केंद्राचा संदेश टिपला. नोव्हेंबर १९२३ मध्ये लीगचे फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील नीस येथील लिआँ देलॉय यांच्यात सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर दुतर्फा संवाद झाला. हौशींनी अटलांटिकपार साधलेला तो पहिला दुतर्फा संपर्क. जो कोपरा निरुपयोगी म्हणून दिला गेला होता, त्याच लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, हे त्यामुळे सिद्ध झाले. आजही सर्व मनोरे कोसळलेल्या प्रदेशातून दूरवर संदेश जाऊ शकतो तो याच गुणामुळे.

लहरींना सीमा नसतात, तेव्हा संघटनाही आंतरराष्ट्रीय हवी, असे मॅक्सिम यांचे मत होते. १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना (आयएआरयू) स्थापन झाली आणि मॅक्सिम तिचे अध्यक्ष झाले. १८ एप्रिल हा दिवस आता जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. लघुलहरींचे मोल कळल्यावर त्यांवर सरकारे व कंपन्यांनी हक्क सांगितला. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत हौशींच्या पट्ट्या आक्रसल्या, मात्र त्यांना जागतिक मान्यता मिळाली.

योगायोगाची मदत संघटित कधी झाली?

नोव्हेंबर १९२७ मध्ये व्हरमाँट राज्यातील महापुरात आणि सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लोरिडाला उद्ध्वस्त करणाऱ्या ओकीचोबी चक्रीवादळात हौशी चालकांनी तुटलेल्या गावांची खबर बाहेर पोहोचवली. फ्लोरिडातील त्या वादळात अडीच हजारांच्या आसपास बळी गेले. या अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपत्ती आल्यावर जमवाजमव करून भागत नाही. बॅटरीवर चालणारे यंत्र, सराव आणि नोंदणी ही तयारी आधीच हवी. त्यानुसार १९३५ मध्ये लीगने आपत्कालीन दल उभारले. ज्यांच्याकडे विजेच्या पुरवठ्याविना चालणारी यंत्रे आहेत, अशा चालकांची नोंद त्यात होऊ लागली. १९१३ मध्ये जी यादी कोणाकडेच नव्हती, ती आता तयार होत होती.

अखेर कशी झाली आणि लगेच काय घडले?

मॅक्सिम यांच्या आवडी अनेक होत्या. १९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपटकारांची संघटना स्थापन केली. खगोलशास्त्राचेही त्यांना वेड होते आणि विश्वातील जीवसृष्टीवर त्यांनी पुस्तक लिहिले. फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा पाहण्यासाठी ते पत्नीसह रेल्वेने निघाले. वाटेत प्रकृती बिघडल्याने त्यांना कोलोरॅडोतील ला हुंटा येथे उतरवण्यात आले. तेथील रुग्णालयात १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बरोबर महिन्याभरात, मार्चच्या मध्यावर, अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ वितळणे आणि मुसळधार पाऊस एकदम आले. पिट्सबर्ग, जॉन्सटाउन बुडाले. कनेटिकट नदीने पातळी ओलांडली आणि मॅक्सिम यांचे हार्टफर्डही पाण्याखाली गेले. तारा तुटल्या, वीजकेंद्रे बंद पडली. या पुरात अनेक राज्यांतील हौशी चालक दिवसरात्र यंत्रासमोर बसून होते. बचाव पथके, वैद्यकीय मदत, रेल्वे, बेपत्ता नातेवाईक अशा सगळ्यांचे निरोप साखळीतून जात होते. संस्थापकाविना साखळीची ही पहिलीच मोठी परीक्षा होती, आणि ती पार पडली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३७ मध्ये, ओहायो नदीच्या महापुरातही हेच घडले.

मॅक्सिम यांचे ‘१एडब्ल्यू’ हे संकेतचिन्ह ‘डब्ल्यू१एडब्ल्यू’ या रूपात लीगच्या केंद्राला देण्यात आले. हे स्मारक केंद्र १९३८ मध्ये कनेटिकटमधील न्यूइंग्टन येथे उभे राहिले. तेथून आजही बातमीपत्रे आणि मोर्सचे सराव-पाठ प्रक्षेपित होतात.

भारतात या परंपरेचे महत्त्व काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव परिसर उद्ध्वस्त केला, तेव्हा मोबाइल भारतात आलेलाच नव्हता. हौशी रेडिओचालक आपली यंत्रे घेऊन तेथे पोहोचले होते. १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ आणि २००१ चा भूजचा भूकंप यांतही त्यांनी काम केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवेळी तर दिल्लीहून गेलेला एक हॅम चमू आधीपासूनच अंदमानात होता. बेटांचा संपर्क तुटल्यावर त्यांनी मदतीचे निरोप आणि लोकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोहोचवली.

आता हातोहाती मोबाइल आहेत. पण मोबाइलचा मनोरा विजेवर आणि केबलवर अवलंबून असतो. दोन्ही तुटल्यास तो उभा असूनही मुका होतो. हौशी चालकाचे यंत्र दुसऱ्या चालकाशी थेट बोलते, मधल्या कोणत्याही यंत्रणेची त्याला गरज नसते. भारतात त्यासाठी केंद्रीय दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि १२ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती ती देऊ शकते. आपत्तीच्या दिवशी मात्र परवाना आणि यंत्र पुरेसे नसते. बॅटरी भरलेली आहे का, शेजारच्या जिल्ह्यात कोण ऐकत आहे आणि दुसऱ्याचा निरोप शब्दशः लिहून घेण्याची सवय आहे का, यावर सारे ठरते. मॅक्सिम यांनी २२ वर्षे लीगचे अध्यक्ष म्हणून ज्यासाठी खटपट केली, ती हीच तयारी होती.